मिरजेची वाट आणि नम्रतेचा विचार

सांगलीच्या उत्तरेस, बुधगावच्या शेजारी माधवनगर म्हणून जे गाव आहे, त्याची ख्याती तीर्थक्षेत्र म्हणून नाही, किंवा ऐतिहासिक स्थळ म्हणूनही नाही. हा मुलूख एके काळी मिरज संस्थानाच्या धाकट्या पातीचा. पण गावाचा जीव राहिला तो कापडात. गिरणीचा भोंगा आणि मागांची खटखट ह्यांवर येथल्या दोन पिढ्यांनी आपला दिनक्रम बसविला. पाहुण्यास मुद्दाम दाखवावे असे गावात काही नाही, हे येथील रहिवासी आपण होऊनच सांगतो. मात्र पाहुण्यास नेण्यासारख्या जागा गावाबाहेर तासाभराच्या अंतरावर हव्या तितक्या आहेत. कृष्णाकाठचे सांगलीचे गणपतीमंदिर आहे, हळदीची पेठ आहे, आणि पूर्वेकडे मिरज आहे.

मिरजेस मनुष्य नाना कारणांनी जातो. कोणी तंबोरा किंवा सतार करून घेण्यासाठी जातो. कोणी मीरासाहेबांच्या दर्ग्यात जातो, जेथे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ पासून चिरविश्रांती घेत आहेत. कोणी केवळ गाडी बदलावयाची म्हणून उतरतो. पण ह्या टापूतील खेड्यापाड्यांत 'त्यांना मिरजेस नेले' असे नुसते म्हटले की ऐकणारा पुढे काही विचारीत नसे. नेलेला मनुष्य अत्यवस्थ आहे आणि नेले ते मिशनच्या दवाखान्यात, हे त्या तीन शब्दांत आलेच. वैद्यकीचा हा लौकिक त्या गावास ज्याने मिळवून दिला, त्याच्या अनुषंगाने एका गुणाविषयी चार गोष्टी लिहिण्याचे योजिले आहे. तो गुण म्हणजे नम्रता. आणि तीही ज्या स्वरूपात ख्रिस्ती लोक तिला आपल्या धर्माचा पाया मानतात त्या स्वरूपात.

सांगलीहून मिरजेकडे जाताना वाटेत विश्रामबाग लागते. तेथे डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली काढलेले विलिंग्डन महाविद्यालय आहे. त्याच वाटेने थोडे पुढे गेले की वानलेसवाडी. परदेशी माणसांची ही दोन नावे एकामागून एक कानांवर येतात तेव्हा मला नेहमी गंमत वाटते. विलिंग्डनसाहेब मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्यांचे नाव विद्यालयास मिळाले ते अधिकाराच्या वाटेने, आणि त्या काळच्या रीतीस धरूनच ते होते. वानलेस हे नाव मात्र 'वाडी' ह्या आपल्या साध्या मराठी शब्दास जाऊन चिकटले. धनगरवाडी, माळवाडी, तशी वानलेसवाडी. तेथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले गेले. ज्या रोगाचे नाव काढले की सख्खे नातलगही पदराने नाक झाकून दूर सरत, त्या रोगाच्या माणसांची ती वस्ती.

विल्यम जेम्स वानलेस हे १८६५ साली कॅनडात जन्मले आणि १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून इकडे आले. आरंभी ते सांगलीस राहिले, पुढे मिरजेस गेले आणि १८९४ साली तेथे रुग्णालय उघडले. तेथेच त्यांनी एतद्देशीय मुलांस वैद्यकीचे शिक्षण देण्यास आरंभ केला. महारोग्यांसाठीही मिरजेत स्वतंत्र व्यवस्था झाली. सुमारे चार दशके एका ठिकाणी राहून १९२८ साली ते परतले. त्याच वर्षी सरकारने त्यांस 'सर' ही पदवी दिली, आणि १९३३ साली अमेरिकेत त्यांचे देहावसान झाले. पुढे १९६२ साली मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्याची जमीन कोणी नांगरून ठेवली होती हे निराळे सांगावयास नको.

आता ह्या साऱ्याला कर्तबगारी म्हणावे, परोपकार म्हणावे; नम्रता का म्हणावी? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्यासाठी आधी शब्दाकडे वळले पाहिजे. जुन्या संस्कृत शिक्षकाची ही खोड वाचकांनी सोसावी.

'नम्र' हा शब्द नम् धातूपासून आला. त्याचा अर्थ वाकलेला. फांदी फळांनी वाकते तसे वाकणे त्यात आहे. 'विनय' शब्दाचे मूळ निराळे. वि आणि नी मिळून तो झाला, आणि त्यात वळण लावण्याचा, शिस्तीचा भाव आहे. म्हणून कौटिल्याने राजपुत्राच्या शिक्षणाच्या अधिकरणास विनयाचे नाव दिले आणि बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांच्या पिटकासही तेच नाव मिळाले. तिसरा शब्द 'अमानित्व'. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत हा अगदी पहिला. आणि सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीच्या यादीत अतिमान नसणे हा गुण अगदी शेवटी येतो. एका यादीचा उंबरठा आणि दुसरीचा कळस. ज्ञानेश्वरमहाराजांनी ह्या अमानित्वावर किती प्रेमाने विस्तार केला आहे, हे ज्यांच्या घरी पारायण होते त्यांस ठाऊक आहेच.

पाश्चात्त्यांचा शब्द कसा आहे पाहा. लॅटिन भाषेत नम्रतेला जो शब्द आहे तो 'ह्यूमस', म्हणजे माती, ह्यापासून निघाला; आणि भाषाशास्त्री सांगतात की हा 'ह्यूमस' आणि आपला पृथ्वीवाचक 'क्ष्मा' शब्द एकाच मुळाचे. आपण मात्र भूमीच्या ह्या नावात सोसण्याचा अर्थ पाहिला. क्षमा म्हणजे पृथ्वी आणि क्षमा म्हणजे सहन करणे, असे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात; अमरकोशात भूमीचे एक नाव सर्वंसहा असे आहे. लॅटिन बोलणाऱ्याने त्याच मातीत खालची जागा पाहिली. जुन्या ग्रीक लेखनात 'खालचा' ह्या अर्थाचा शब्द बहुधा हिणवण्याकरिता येई. स्वतंत्र नागरिकास तो लावणे म्हणजे अपमानच. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने आपली देवपणाची प्रतिष्ठा रिती करून दासाचे रूप घेतले असे सांगितले, तेव्हा त्याने दासांचा शब्द उचलून देवास लावला. ऐकणाऱ्यांस तो किती विपरीत वाटला असेल! सद्गुणांच्या यादीत एक नवा गुण घातला गेला एवढेच नव्हे, तर जो दोष समजला जात होता तोच गुणांच्या पंक्तीस बसविला गेला.

शुभवर्तमानांपैकी योहानाच्या तेराव्या अध्यायात ह्याचे प्रात्यक्षिक आहे. अखेरच्या भोजनाच्या वेळी येशू कंबरेस रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो. आपल्याला पाय धुण्याची गोष्ट नवी नाही. षोडशोपचारांत पाद्य हा तिसरा उपचार. लग्नात वधूपिता जावयाचे पाय धुतो. आणि धर्मराजाच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम आपण होऊन पत्करले, हे सभापर्वात आहे. श्रीकृष्णाची ती लीनता मनोहर आहे ह्यात शंका नाही. तथापि तेथे पाय पूज्यांचे आहेत. येशूच्या पुढ्यात होते ते मासे धरणाऱ्यांचे पाय, आणि धुणारा त्यांचा गुरू. पाणी तेच, पण वाहण्याची दिशा उलटी.

त्या प्रसंगातील दुसरा एक तपशील मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पेत्र नावाचा शिष्य प्रथम पाय धुवून घेण्याचे साफ नाकारतो. वरवर पाहता ही त्याची नम्रताच. गुरूने माझे पाय धुवावे, हे कसे शोभेल? पण गुरू त्याचे ऐकत नाही. सेवा करणे अवघड आहे, पण दुसऱ्याकडून, विशेषतः ज्याच्याकडून ती अपेक्षित नाही त्याच्याकडून, सेवा घेणे त्याहून अवघड. त्यासाठी आपण असहाय आहो हे कबूल करावे लागते.

ह्याचे मिरजेतील एक उदाहरण आमच्या घरात परंपरेने सांगितले जाते. माझ्या आजीचे थोरले बंधू कृष्णाकाठच्या एका गावी याज्ञिकी करीत. सोवळे कडक, वाणी शुद्ध, आणि स्वभाव, आजीच्याच शब्दांत सांगावयाचे तर, 'तापल्या तव्यासारखा'. स्वातंत्र्यानंतरच्या थोड्याच वर्षांत त्यांस लघवी अडण्याचा विकार जडला आणि शेवटी मिशनच्या दवाखान्यात नेल्यावाचून गत्यंतर उरले नाही. आजी सोबत गेली. आवारात तीन दगड मांडून ती त्यांच्यापुरता भात उकडी, आणि पाणी फक्त तिच्या हातचे ते घेत. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णापाशी उभे राहून प्रार्थना करण्याची तेथे रीत होती. ती झाली तेव्हा हे मनात गायत्रीचा जप करीत होते असे ते पुढे सांगत.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या की तिसऱ्या रात्री आजी ओसरीवर दमून झोपली असता ह्यांचे अंथरूण खराब झाले. हाक मारण्याची लाज वाटली म्हणून ते तसेच पडून राहिले. रात्रपाळीची परिचारिका फेरीवर आली, तिने काही न विचारता सारे आवरले, त्यांस पुसून काढले, चादर बदलली. पहाटे ती परत आली तेव्हा ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरविले होते. ती म्हणाली, "आजोबा, तुमची संध्या व्हायची असेल. पाण्याला मी हात लावत नाही. बाहेर ताई आहेत, त्यांना उठवते."

ह्या वाक्यापाशी आजी नेहमी थांबे. त्या बाईने रात्री ज्या हातांनी त्यांस स्वच्छ केले, ते हात सकाळी त्यांच्या तांब्यास चालत नाहीत हे तिला ठाऊक होते. आणि तरीही तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, उपकाराची आठवण नव्हती, दुखावल्याची खूणही नव्हती. तिने त्यांच्या समजुतीला सांभाळले, ज्या समजुतीने तिच्या वाडवडलांना गावाबाहेर ठेवले होते. दोन दिवसांनी ह्यांनी तिला गाव विचारले. तिने सांगितलेले गाव त्यांच्या यजमानांचे निघाले. तीस वर्षे ते त्या गावी सत्यनारायण आणि श्राद्धे सांगावयास जात होते. तिचे घर ज्या टोकास होते त्या टोकाकडे ते कधी फिरकले नव्हते, एवढेच.

घरी परतल्यावर त्यांनी पंचगव्य घेऊन प्रायश्चित्त केले. भाऊबंदांस त्यात काही नवल वाटले नाही. मिशनमध्ये राहून आलेला याज्ञिक प्रायश्चित्त घेणारच. नवल वाटले ते पुढे. दर संक्रांतीस मिरजेकडे जाणारा कोणी भेटला की त्याच्या हाती तिळगुळाची पुडी त्या बाईसाठी जाऊ लागली, आणि ती ते असेपर्यंत गेली. आजी म्हणे, "प्रायश्चित्त कशाचे घेतले ते त्यांनी कुणाला सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही."

त्या परिचारिकेचे वागणे हा तिचा व्यक्तिगत गुण होता की तिच्या धर्माचा, असे कोणी विचारील. गुणास जात नसते हे खरेच. अंगावर वारंवार थुंकणाऱ्या माणसावर न रागावता पुनःपुन्हा गोदावरीत स्नानास जाणारे एकनाथ, काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी लावणारे एकनाथ, ह्यांच्या आख्यायिका ज्या समाजाने जपल्या त्यास नम्रता परदेशातून आणावयास नको होती. पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. तेथे वय पाहत नाहीत, मान पाहत नाहीत. पण आपल्याकडे झाले असे की हा गुण आपण संतांच्या चरित्रात ठेवला आणि वारीच्या दिवसांत ठेवला. त्यावर कीर्तने झाली. रुग्णाचे भांडे उचलण्याचे काम मात्र जन्माने ठरलेल्या माणसाकडेच राहिले. मिशनच्या रुग्णालयांनी नम्रतेला वेळापत्रक लावले. अमुक वाजता अमुक खाटेपाशी जावयाचे, रोगी कोण आहे ते न पाहता त्याचे मलमूत्र उचलावयाचे, आणि तो शिव्या देत असला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावयाचे. भावना उचंबळून आली म्हणून नव्हे, पाळी आहे म्हणून. माझ्या मते गुण दैनंदिन व्यवहारात उतरतो तो असाच. रोजच्या संध्येसारखा, मन लागो वा न लागो.

रोमन पंथाच्या चर्चमध्ये ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. २०१३ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी तो विधी रोममधील अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात केला आणि पाय धुतलेल्यांत मुली व मुसलमानही होते, तेव्हा त्यांच्याच पंथातील पुष्कळांच्या भुवया वर गेल्या. विधी शतकानुशतके चालला तरी तो खरोखर कोणी केला की तो आजही बोचतो, हे त्यावरून दिसते.

आक्षेपही मांडले पाहिजेत. पहिला, की ही सारी सेवा धर्मांतरासाठी होती. मिशनचा हेतू लपलेला नव्हता. प्रचारासाठीच ते आले होते व तसे म्हणतही. पण औषध घेणाऱ्या बहुसंख्य लोकांनी औषध घेतले, प्रार्थना ऐकली, आणि आपापला देव घेऊन ते घरी परतले, हेही ह्या टापूत सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. राज्यकर्त्यांच्या वर्णाचा, त्यांच्या छत्राखाली आलेला मनुष्य नम्र असू शकतो काय? बंगल्यात राहावे, एतद्देशीय सहकाऱ्यास कमी वेतन द्यावे, निर्णय आपण घ्यावे, आणि वर नम्रतेचे प्रवचन करावे! हा आक्षेप बाहेरच्यांपेक्षा आतल्यांनीच अधिक तीव्रतेने घेतला, आणि त्यांत अग्रणी होते नारायण वामन टिळक.

माधवनगरहून पुण्याकडे जाणारी गाडी धरली की किर्लोस्करवाडी, कऱ्हाड करीत सातारा येते. स्टेशन शहरापासून दूर आहे, त्यामुळे उतरल्यावर शहर गाठेपर्यंत विचारास वेळ मिळतो. टिळकांनी आपल्या आयुष्याचा शेवटचा काळ ह्या शहरात घालविला. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांस एक गोरा सहप्रवासी भेटला. त्याने उर्मटपणा केला नाही. संस्कृत काव्याविषयी आदराने बोलला आणि निरोप घेताना नव्या कराराची प्रत देऊन गेला. त्या काळी गोऱ्या माणसाने आगगाडीत एतद्देशीयाशी सौजन्याने बोलावे, हीच एक घटना होती. पुस्तक वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनाने टिळकांचे मन जिंकले आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यासोबत नव्हत्या. त्यांनी त्या वियोगाचे काय सोसले ते 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या प्रत्येक घरास माहीत आहे. आपल्या स्वतःच्या सोवळ्याची, भित्रेपणाची आणि फजितीची गोष्ट सांगताना त्या बाई जशा हसतात, तशी निर्मळ नम्रता मराठी गद्यात मला अन्यत्र क्वचितच आढळली. त्या ग्रंथात नम्रतेवर प्रवचन कोठेही नाही.

टिळक मुळात शीघ्रकोपी आणि मानी. ख्रिस्ती झाल्यावर त्यांचा मान गेला नाही. तो दुसरीकडे वळला. परदेशी मिशनऱ्यांनी येथील ख्रिस्ती समाजाचे पालक न होता बंधू व्हावे, असा आग्रह त्यांनी धरला. अखेर १९१७ साली मिशनची वेतनाची नोकरी सोडून ते ख्रिस्ती संन्यासी झाले आणि 'देवाचा दरबार' त्यांनी उभारावयास घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. १९१९ च्या मे महिन्यात मुंबईस त्यांचा अंत झाला आणि दरबाराची कल्पना अपुरीच राहिली. त्यांच्या ह्या धडपडीस कोणी अहंकार म्हणेल. मला तसे वाटत नाही. जो वाकलेला दिसतो तो नम्रच असेल असे नाही, तो भ्यालेला असू शकतो. आणि जो ताठ उभा राहून बोलतो तो गर्विष्ठच असेल असेही नाही.

ह्यातून एक नाजूक मुद्दा निघतो. ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या जोहार करण्यात गेल्या, रस्त्याच्या कडेस सरण्यात गेल्या, त्यांस नम्रतेचा उपदेश करणे हा निव्वळ क्रूरपणा आहे. वर सांगितलेल्या परिचारिकेस मिशनने प्रथम जे दिले असेल ते वाकणे नव्हे. गणवेश, अक्षर आणि ताठ मान हे दिले असेल. मान ताठ झाल्यावर तिने ती आपखुशीने लवविली, म्हणून त्या लवविण्यास किंमत. नम्रतेचा उपदेश ऐकण्याची गरज आहे ती आमच्यासारख्यांस, ज्यांस जन्मताच ओसरीवरचा पाट मिळाला.

आणि आम्हांस तर नम्रतेचे सोंगही उत्तम वठते. 'ह्या गरिबाच्या कुटीस पाय लागावे' असे तिमजली घराचा मालक म्हणतो. व्यासपीठावर आपली योग्यता नाही हे सांगण्यात वक्ता पंधरा मिनिटे घेतो आणि योग्यता असलेल्याची वेळ संपते. मुलगा परदेशी आहे हे सहज बोलण्यात यावे म्हणून तेथील थंडीचा विषय काढणारे गृहस्थ माधवनगरात आहेत, तसे ते पुण्यातही असतील. खरी कसोटी असल्या बोलण्यात लागत नाही. भांडी घासणाऱ्या बाईस चहा द्यावयाचा तर कप कोणता निघतो, ती बसते कोठे, आपण तिला तिच्या नावाने हाक मारतो की 'अगं ए' म्हणतो, तेथे लागते. सुनेने सांगितलेली दुरुस्ती सासऱ्याच्या कानांत शिरते की नाही, तेथे लागते. शिक्षकाची तर फार कठीण परीक्षा. चाळीस वर्षे ज्याच्या हाती तांबडी शाई होती, त्याला दुसऱ्याच्या वाक्यात चूक दिसली असता गप्प बसणे म्हणजे उपवासाहून कडक व्रत आहे.

विद्येच्या ह्या अभिमानाची गोष्ट निघाली म्हणून त्याच लोहमार्गाने पुण्यापुढे केडगावापर्यंत जावे लागते. पंडिता रमाबाई ह्या अनंतशास्त्री डोंगरे ह्यांच्या कन्या. संस्कृत त्यांस आईबापांकडून मिळाले. दुष्काळात आईबाप गेले. आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ह्या विशीतील मुलीस 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील मठातील भगिनींनी आणि धर्माधिकाऱ्यांनी त्यांस पुष्कळ गोष्टी शिकविल्या, त्यांत नम्रतेचा पाठही होता. मुलग्यांच्या वर्गास शिकविणे त्यांस उचित नाही असे बिशपने ठरविले तेव्हा रमाबाईंनी ते मानले नाही. माझी बुद्धी मी कोणाच्या स्वाधीन केलेली नाही, अशा आशयाची त्यांची उत्तरे त्या काळच्या पत्रव्यवहारात आहेत, आणि गर्विष्ठपणाचा ठपकाही त्यांत त्यांच्यावर आहे. धर्मपीठापुढे जी बाई वाकली नाही तिने मायदेशी परतल्यावर काय केले? १८८९ साली मुंबईस शारदासदन काढले, आणि पुढे केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभारून १८९६-९७ च्या व १९०० च्या दुष्काळांतील अनाथ मुली, विधवा, आंधळ्या, टाकलेल्या बाया शेकड्यांनी घरी आणल्या. त्यांच्या उवा काढल्या, खरजेवर औषध लावले.

पण मला त्यांची नम्रता सर्वांत अधिक दिसते ती त्यांच्या बायबलच्या भाषांतरात. चाळिशी उलटल्यावर त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित मराठी बायबल त्यांस पंडिती वाटे. संस्कृत शब्दांनी भरलेले, दुष्काळातून आलेल्या मुलीस न उमगणारे. म्हणून सारे पुस्तक सोप्या मराठीत पुन्हा उतरविण्याचे त्यांनी मनावर घेतले. ह्या कामाचे मोल कळण्यास थोडेसे संस्कृत शिकलेले असावे लागते. सामासिक शब्द जिभेवर आपण होऊन येतो. वृत्त आणि अलंकार बोटांत असतात. सभेने दिलेली पदवी पाठीशी असते. तो शब्द आला की बाजूस सारावयाचा आणि जात्यावरच्या बाईच्या तोंडचा शब्द शोधावयाचा. पुनःपुन्हा, पानोपानी, वर्षानुवर्षे. दानात सोने देणारे पुष्कळ असतात. आपली शब्दसंपत्ती अशी दारात ठेवून आत जाणारा पंडित विरळा. काही विद्वानांस ते भाषांतर ओबडधोबड वाटले, आणि वाङ्मय म्हणून पाहता त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हे. पुस्तक मात्र विद्वानांसाठी नव्हतेच.

ते छापण्यासाठी छापखाना केडगावातच होता आणि खिळे जुळविण्याचे काम मुक्तिसदनातील मुली व बायका करीत. ज्यांच्यासाठी शब्द सोपा केला, त्यांच्याच बोटांनी तो शिशात बसविला. काम अखेरच्या आजारापर्यंत चालले. १९२१ साली रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा वारली, त्यानंतरही ते थांबले नाही. १९२२ च्या एप्रिलच्या ५ तारखेस रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण बायबलची प्रत १९२४ साली बाहेर आली.